नानांच्या कपाटातलं गवत

कय्युमच्या पत्राला तोतारामनानांनी उत्तर दिलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाने पत्र पाठवावं हेच नवल. पण जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाशी एकदम तोंडी बोलणं बरं दिसत नाही, असं कय्युमला वाटलं होतं. तो वरातीच्या घोडीचा मालक. गेल्या पावसाळ्यात दमट हवेने गवताला बुरशी लागली, ते खाऊन त्याच्या घोडीचं, मलिकाचं पोट बिघडलं, ती हंगामाच्या पहिल्याच वरातीत मध्येच खाली बसली आणि नवरदेव स्कूटरवर मांडवात पोचला. पुन्हा असं झालं तर कोणी घोडी ठरवायला येणार नाही. अख्ख्या अमळनेरात बुरशी न लागणारी खोली एकच, तुमची पुस्तकांची. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, तोवर माझं गवत तिथे राहील का, असं त्याने विचारलं होतं.

नानांना नाही म्हणायचं होतं. पण ‘क्षमस्व’ आधी घालावं की शेवटी, यातच दिवस गेले.

एका सकाळी दाराशी टेम्पो थांबला आणि पेंढ्या उतरू लागल्या.

“नाना, जवाब उना नही. मंग मी समजनू, नानाना होकार शे,” कय्युम म्हणाला.

नानांनी सगळं धैर्य गोळा करून तोंड उघडलं. “पाणी घेता का?” एवढंच बाहेर पडलं.

“घोडी कोठे बांधानी शे, ते बी इचारी ल्या,” आतून नानांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत खोली छतापर्यंत भरली. तिसऱ्या दिवशी नाना एक पुस्तक ओढायला गेले, तर हात गवतात गेला आणि चटकन मागे आला.

“अगं, याला ताप आलाय.”

इंदिराबाईंनी कोपरापर्यंत हात घातला. “ताप कसाना? चुलावरना भात शे हाऊ. त्या कय्युमले बलावा.”

कय्युम धावत आला आणि त्याने एक पेंढी उकलून पाहिली. “दंव उडाना आधी कापं व्हतं, नाना. ओलं राही गयं. आते बठ्ठं मोकळं करनं पडी, नही ते पेट घी.”

मग गवत ओट्यावर आलं, खाटेवर आलं, झोपाळ्यावर आलं, शेजाऱ्यांच्या साड्यांच्या दोरीवर आलं. दोन दिवस उलटंपालटं करून ते जेमतेम वाळलं तोच आभाळ भरून आलं; गवत पुन्हा आत न्यायची धांदल उडाली, आणि तिच्यात नानांना आवाज फुटला. “भिंतीला टेकवू नका. जमिनीवर तर नकोच. मधून वारा खेळू द्या.” शिपायांना पुस्तकांबद्दल जन्मभर जे सांगितलं, तेच ते सांगत होते. शेवटी त्यांनी स्वतःच पुस्तकं काढून खाटेखाली सरकवली आणि कपाटांत पेंढ्या उभ्या लावल्या.

कपाटांवरच्या विषयांच्या चिठ्ठ्या मात्र तशाच राहिल्या.

“नाना, आज काव्यामधली द्या,” कय्युम रोज संध्याकाळी म्हणे. “काल इतिहासनी दिधी, तिले जड गयी.”

मलिका खिडकीतून मान आत घाले. वेळेवर येणारी आणि रांगेत न भांडणारी वाचक नानांना प्रथमच भेटली होती.

तुळशीची लग्नं लागली. पहिल्याच वरातीत मलिका मांडवापर्यंत नाचत गेली. गरगरलेल्या नवरदेवालाच उतरवून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी कय्युमने उरलेल्या पेंढ्या नेल्या आणि रिकाम्या कपाटांकडे पाहून नानांना करमेना. ते टेबलाशी बसले आणि एका दमात लिहिलं : ‘जागा आहे. पुढच्या साली दंव उडाल्यावर कापा.’

“कय्युम ओट्यावर चहा पी राहिना,” इंदिराबाई म्हणाल्या. “हातमां दी द्या ना.”

“पत्राचं उत्तर पोस्टानेच जावं,” नाना चपला घालत म्हणाले.

“कोठे निंघनात, नाना?” कय्युमने विचारलं.

“पोस्टात. तुम्हाला पत्र टाकायचंय.”

कय्युमने कप खाली ठेवला. “मंग पायी कसाले? बसा मलिकावर.”

नानांना नाही म्हणायचं होतं.

लाल पेटीपाशी मलिका आपणहून थांबली. नाना एका हाताने तिची आयाळ धरून वाकले आणि वरूनच त्यांनी पत्र आत सोडलं.