अर्धा तास मागे

शालनताईंच्या भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे असतं. सेल बदलला, घड्याळ बदललं, तरी मागेच. लोक घड्याळ पाच मिनिटं पुढे लावतात. मागे लावणारी बाई मी अख्ख्या वारज्यात एकच पाहिली. माझी सगळी हयात शाळेच्या घंटेवर गेलेली. असलं घड्याळ दिसलं की माझं डोकं फिरतं.

ताई आमच्या इमारतीत तळमजल्यावर संध्याकाळी साडेसहापर्यंत पाळणाघर चालवतात. चालवतात म्हणजे दिवसभर चालतच असतात. एक मूल कडेवर, एकाचं नाक पुसायचंय, तिसऱ्याची चप्पल हरवलीय. "हे काय, आलेच," म्हणतात आणि भलतीकडेच जातात. बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. घड्याळाचं विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला उशीर होत नाही."

यंदा सरकारने पाळणाघरांचं अनुदान वाढवलं. वाढीव अनुदान मात्र संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहणाऱ्यांनाच. पुरावा म्हणून मुलांचा फोटो हवा, मागे सात वाजल्याचं दाखवणारं घड्याळ हवं. वाढ मिळाली नाही तर सहा मुलं कमी करावी लागणार होती, आणि तीही पूर्ण फी न झेपणाऱ्या आयांची. अर्ज भरायला अर्थात मी. महिनाभर ताई येता-जाता विचारायच्या, "काका, गेला का हो कागद?" उत्तराला मात्र थांबायच्या नाहीत.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी सातच्या ठोक्याला मी स्टुलावर चढलो आणि घड्याळाला खरं बोलायला लावलं. खिशातून मोबाईल काढतोय तोच संगीता धापा टाकत आली. ती खराडीत एका ऑफिसात साफसफाई करते आणि दोन बस बदलून मुलीला न्यायला येते. तिची नजर घड्याळावर गेली आणि ती दारातच थिजली.

"सात वाजले? ताई, उद्यापासून लवकर येते. हिला काढू नका."

शालनताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने खाली उतरलो.

"अगं, काकांनी हात लावला त्याला. साडेसहाच झालेत. बस, चहा टाकते."

आणि स्वतः स्टुलावर चढून त्यांनी काटे मागे ओढले. संगीता बसली. आणखी दोघी आया आगेमागे येऊन चहाला टेकल्या. पोरं पुन्हा खेळायला लागली. माझा जीव मात्र फोटोत अडकलेला. शेवटी हळूच म्हणालो, "ताई, त्या सहा मुलांचं काय?"

"काका, घड्याळ बरोबर लावलं की या बायका दारातूनच पोर उचलून पळतात. मग घरात मी आणि टीव्ही."

एवढं बोलून त्या चक्क बसल्या. संगीताची मुलगी लगेच मांडीवर चढली. मी उगाच वर पाहिलं, तर त्या घड्याळात बरोबर सात वाजले होते. खरे साडेसात झालेले, पाळणाघर उघडं, मुलं हजर. यात खोटं काहीच नव्हतं. मी फोटो काढला.

अनुदान मंजूर झालं. सहाही मुलं राहिली. घड्याळ अजून मागेच आहे. मी माझं मनगटावरचं घड्याळ घरी ठेवतो आणि रोज संध्याकाळी चहाला खाली जातो.