वफीकामावशीच्या फोनची तौलनिक चाचणी

पुरेशा अभ्यासाशिवाय एखादी वस्तू विकत घेणं हा त्या वस्तूचा अपमान असतो. हे तत्त्व आमच्या घरात सर्वांना मान्य आहे, म्हणून आमच्याकडे अपमान झालेली एकही वस्तू नाही. (वस्तूही फारशा नाहीत.)

वफीकामावशीला नवा फोन घ्यायचं ठरलं तेव्हा लेबनॉनमधल्या आमच्या सैदा शहरात फोनची एकवीस दुकानं होती आणि मावशीचा जुना फोन एका चार्जवर अकरा मिनिटं चालत होता. तिची मुलगी हनादी लग्न होऊन आफ्रिकेत अबिजानला गेलेली. तिला सहावा महिना होता, आणि मावशीचं मागणं एका ओळीचं होतं: "पोर जन्माला येईल त्या दिवशी त्याचं पहिलं रडणं माझ्या कानावर पडलं पाहिजे. बाकी तुम्ही काय ते बघा."

बाकी बघण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष नदीममामा, निवृत्त कस्टम अधिकारी (दुसऱ्यांच्या वस्तू उघडून पाहण्याचा चौतीस वर्षांचा अनुभव). सदस्य दोन: मामांचा मुलगा गस्सान, ज्याचा प्रोसेसरवर विश्वास आहे, आणि शेजारचे औषधवाले डॉक्टर मुनीर, ज्यांचा कशावरच नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून तक्ता माझ्याकडे आला. मावशीला समितीत घेतलं नाही. ती लाभार्थी होती, आणि लाभार्थी निवडीत शिरला की निःपक्षपातीपणा संपतो.

प्रथम गरज मोजली. वीज असताना, चार्जर लावून केलेल्या मावशीच्या चाळीस कॉलांची मी वेळ घेतली. सरासरी अशी: सलाम आणि व्याह्यांसकट सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी सहा मिनिटं, प्रत्यक्ष बोलणं दीड मिनिट, निरोप नऊ मिनिटं. म्हणजे वीज नसताना फोन नेमका निरोपात मरायचा, आणि आमच्याकडे अर्धा राहिलेला निरोप म्हणजे भांडणच. यावर मावशीने स्वतःपुरता उपाय काढला होता. ती निरोप आधी घ्यायची. "अल्लाहच्या हवाली गं बाई, जप जिवाला, सासूला सलाम सांग," असं नऊ मिनिटं झाल्यावर म्हणायची, "हां, आता बोल, कशी आहेस?" (ही पद्धत अशास्त्रीय असल्याने तक्त्यात घेतलेली नाही.)

मग गुणांची वाटणी झाली. बॅटरीला पन्नास, हार्डवेअरला तीस, किमतीला वीस. गस्सानला हे पटलं नाही.

"बाबा, आठ जीबी रॅमच्या खाली काही घेऊ नका. दोन वर्षांत रडवेल."

"तुझ्या आत्याला सलाम करायला किती रॅम लागते रे?" डॉक्टर मुनीर म्हणाले.

"डॉक्टर, तुम्ही गोळ्या विका."

दर शुक्रवारी जेवणानंतर बैठक होई. दर दोन शुक्रवारांनी बाजारात नवं मॉडेल येई आणि तक्ता पहिल्या ओळीपासून सुरू होई. शिवाय तीन आठवडे थांबल्यास किंमत तीस डॉलरने उतरेल, असा गस्सानचा अंदाज होता. तो आम्ही तीन वेळा थांबून तपासला. दरम्यान नमुने हाताशी असावेत म्हणून मी धरून समितीच्या चौघांनी जुने फोन विकून आपापल्या पसंतीचा एकेक फोन विकत घेतला. अंतिम फेरीत तेच चार उरले, यावरून निवडीची शुद्धता लक्षात यावी.

बाराव्या शुक्रवारी निर्णायक चाचणी होती. चारही फोन पूर्ण चार्ज करून, नेटवर्क बंद ठेवून, दुपारी बारा ते चार टेबलावर ठेवायचे आणि कोणी हात लावायचा नाही. (अट माझी.) इमारतीत वीज नव्हती, जनरेटर चारला सुरू होणार होता. मावशी स्वयंपाकघरात मोगली ढवळत होती. बाळंतपणाच्या घरात शहाजिऱ्याची ही खीर लागतेच, आणि हात बसावा म्हणून ती आठवडाभर रोज करत होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती ओल्या हातांनी बाहेर आली.

"मुलगी झाली रे! जावई म्हणाला, थांबा, ऐकवतो. आणि मी मेली सवयीने निरोपच घेत बसले. बंद पडला. एक फोन द्या कुणीतरी, लवकर!"

टेबलावर चार फोन होते. सरासरी चार्ज साडेअठ्ठ्याण्णव टक्के.

"वफीका, अगं दोन तास झालेत, दोनच राहिलेत," मामा म्हणाले. "आता हात लावला तर सगळी मेहनत पाण्यात."

"कुणासाठी चाललीय मेहनत?"

"तुझ्यासाठीच ना!"

ती माझ्याकडे वळली. चाचणीच्या मध्येच नेटवर्क सुरू केलं तर आकडे बाद होतात, हे खरं आहे. मी ते तिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "खीर खाली लागेल." आणि आत गेली.

चार वाजता चाचणी यशस्वीपणे पूर्ण झाली. मावशीने माझ्या फोनवरून अबिजानला कॉल केला तेव्हा मुलगी झोपली होती. (नवजात बालक दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं. हा घटक आमच्याकडून राहून गेला.) पुढच्या शुक्रवारी अहवाल एकमताने मंजूर झाला. मावशी म्हणाली, आता नको फोन. त्यामुळे किंमत या निकषात वीसपैकी वीस गुण मिळवणारी ती एकमेव उमेदवार ठरली.

ही हकीकत मी आजवर सव्वीस जणांना सांगितली आहे. पंचवीस जणांनी ऐकून झाल्यावर एकच प्रश्न विचारला: मग पहिला नंबर कुठल्या फोनचा आला? सव्विसाव्याने विचारलं, कॅमेऱ्याला गुण का नव्हते.

तुम्हाला तक्ता हवाच असेल. कळवा, पाठवते.