सुगंधाबाईंचे पूर्ण झालेले पुनर्वसन

वैनगंगेच्या पुरात कोसमटोल्यातली बरीच घरे पडली. सुगंधाबाईंचे घर पडले नाही, ते वाहून गेले. शासनाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत मोठा फरक आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. उलट, ज्याचे जास्त गेले त्याचा नंबर आधी लागेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

सुगंधाबाई एकट्या. नवरा वारलेला, मुलगी संघप्रिया लग्न होऊन मूल गावी गेलेली. घरात पाणी शिरले तेव्हा नवऱ्याचा फोटो आणि भात शिजवायचा गंज तेवढा उचलून त्या बुद्धविहारात आल्या. सारे गाव तिथेच होते. पाणी ओसरल्यावर ज्यांच्या भिंती थोड्याफार उरल्या होत्या, ते त्यांच्यावर ताडपत्री टाकून राहायला गेले. विहारात सुगंधाबाई तेवढ्या उरल्या.

पूरग्रस्तांच्या घरांचे काम एकसूत्री व्हावे म्हणून नदीच्या दोन्ही काठांसाठी मिळून एक समन्वय अधिकारी नेमले गेले. प्रफुल निमजे. माणूस मनाने चांगला. चपला बाहेर काढून विहारात आले, मांडी घालून बसले आणि मोबाईल काढला.

"बाई, पडलेल्या घराजवळ उभ्या राहा. फोटो घ्यायचा आहे."

"पडलं नाई जी साहेब. गेलं."

"मग मलब्याजवळ उभ्या राहा."

"मलबा बी गेला. पलीकडच्या काठाले लागला हाय. इथून आमचा दरवाजा दिसते पाहा."

साहेबांनी पाहिले. नदीपलीकडे खरोखरच एक निळा दरवाजा चिखलात उभा होता. साहेब गंभीर झाले. वैनगंगा ही दोन जिल्ह्यांची हद्द. घराची जागा चंद्रपूर जिल्ह्यात, मलबा गडचिरोली जिल्ह्यात, आणि मोबाईलमधल्या ॲपला मालक व मलबा एकाच फोटोत लागत होते.

साहेबांनी दोन्हीकडे विचारणा केली. अलीकडच्या कार्यालयाने कळवले की, सदर ठिकाणी पडलेले घर आढळून येत नाही. पलीकडच्या कार्यालयाने कळवले की, पडलेले घर आढळून येते, परंतु सदर ठिकाणी कोणी राहत नव्हते. दोन्ही उत्तरे खरी होती, एकमेकांना छेद देत नव्हती आणि वेळेत आली होती. समन्वय याहून चांगला होऊ शकत नाही.

"मी डोंग्यानं तिकडं जाऊन उभी राहू का?" सुगंधाबाईंनी विचारले.

"राहू शकता. पण मग तुम्ही स्थलांतरित ठराल. स्थलांतरितांची योजना वेगळी आहे. ती अजून यायची आहे."

शेजारचे वारलूभाऊ हे सारे ऐकत होते. कुडाच्या भिंती बांधण्यात त्यांचा हातखंडा. स्वतःचे घर अर्धे पडल्यामुळे ते शासनाच्या पसंतीस उतरलेले. साहेबांची जीप गेल्यावर ते म्हणाले, "बाई, सायबाले पडेल घर पायजे ना? आपुन एक बांधू. अन् पाडून देऊ."

गाव कामाला लागले. कोणी बांबू दिले, कोणी छपरासाठी उरलेसुरले कवेलू दिले, गावातल्या रुखमाने माती मळली. पाडायचेच आहे तर कसेतरी उभे करू, असे ठरले होते. पण वारलूभाऊंच्या हाताला वाकडी भिंत जमेना. पाडायच्या घराला चूल कशाला, असे म्हणत म्हणतच सुगंधाबाईंनी चूल घातली. मग जमीन सारवली. मग नवऱ्याचा फोटो लावला. वारलूभाऊ भिंत पाडायला सब्बल घेऊन आले तेव्हा त्या दारात बसल्या होत्या.

"उद्या पाडू न जी, भाऊ," त्या म्हणाल्या.

वारलूभाऊ परत गेले. मग हे रोजच होऊ लागले. अशाच एका सकाळी वारलूभाऊ सब्बल घेऊन दारात उभे असताना निमजे साहेबांची जीप आली. साहेबांनी मोबाईल काढला. ॲपने विचारले: भिंती? आहेत. छप्पर? आहे. चूल? पेटलेली आहे.

"बाई, तुमचं घर तर शाबूत आहे."

"हे पाडाचं हाय जी. तुमी चहा घ्या, तवरी पाडतो."

"पाडू नका. तुम्ही पाडलं तर ती मानवनिर्मित आपत्ती होते. आपली योजना नैसर्गिक आपत्तीची आहे."

"मग मले घर भेटन का नाई?"

"घर असताना घर कसं मिळेल, बाई?"

सुगंधाबाईंनी चुलीवर चहा ठेवला. साहेबांच्या मनात मात्र वेगळेच चालले होते. एक तरी घर उभे राहिले का, असे वरून रोज विचारले जात होते. बैठका झाल्या होत्या, आराखडे झाले होते, घर एकही झाले नव्हते. आणि इथे एक समोर उभे होते, त्याच्या चुलीवर चहा उकळत होता.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "तुमचं पुनर्वसन पूर्ण झालं."

वारलूभाऊंनी सब्बल हळूच पाठीमागे धरली.

समारंभ मोठा झाला. मंडप घरापेक्षा उंच होता. पाहुण्यांच्या हस्ते चावी द्यायची होती, पण दाराला नुसती बांबूची ताटी. म्हणून चावीसाठी कुलूप आले, कुलपासाठी कडी आली आणि कडीसाठी लोखंडी दार आले. "हे घर म्हणजे अनेक विभागांच्या एकत्रित श्रमांचं फळ आहे," असे पाहुण्यांनी सांगितले. रुखमाने आपल्या हातांकडे पाहिले. नखांतली माती अजून निघाली नव्हती.

फोटो झाल्यावर साहेबांनी चावी परत मागितली. घर आता आदर्श ठरले होते. ते पाहायला ठिकठिकाणचे अधिकारी येणार होते, आणि चुलीच्या धुराने भिंती काळ्या होतात.

"पाहणी संपेपर्यंत विहारात राहा," साहेब अदबीने म्हणाले.

"कवा संपन जी?"

"समन्वय सुरू आहे."

जीप वळणावर दिसेनाशी झाली तशी वारलूभाऊंनी कोयता घेतला आणि मागचा कूड माणूस शिरेल एवढा कापला. "बाई, तुमी मागून जात जा," ते म्हणाले. "समोरून सरकार येते."

तेव्हापासून सुगंधाबाई आपल्या घरात मागून राहतात. जीपचा आवाज आला की चुलीवर पाणी टाकून घरामागच्या वाडीत जाऊन बसतात. पाहुणे समोरच्या खिडकीतून आत पाहतात आणि स्वच्छतेचे कौतुक करतात. निमजे साहेबांना सगळे माहीत आहे. पाहुणे गेले की तेही मागच्या बाजूने येतात, वाकून आत शिरतात आणि चहा घेतात. वारलूभाऊ अजून ताडपत्रीखालीच आहेत. हे यश पाहून कार्यालयाने बाकीच्यांनाही कळवले आहे की, आपण आपले घर आधी पूर्ण करावे, म्हणजे आपले पुनर्वसन करता येईल.

समारंभाचा फोटो पुष्कळ फिरला. आपल्यालाही आला होता: गळ्यात हार, हातात चावी, सुगंधाबाई थोड्या गोंधळलेल्या. खाली एकाने लिहिले होते, 'शासन असावे तर असे.' दुसऱ्याने लिहिले होते, 'यांना सगळे फुकटच मिळते.' आपण जरा घाईत होतो. दोघांनाही अंगठा दिला आणि पुढे गेलो.