दत्ताकाकांच्या न्यूजरीलमधली बाई

ऑस्ट्रेलियातली गोष्ट म्हटल्यावर तुम्ही कांगारूची वाट बघत असाल. बसा बघत. लॉकडाऊनमध्ये टार्निट नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरात होते दत्ताकाका, आणि ते रोज दुपारी चहाबरोबर गोळीबार बघायचे.

खरा नाही हो! टीव्हीवर आयर्लंडमधल्या यादवीचं जुनं, मुकं न्यूजरील, म्हणजे बातमीपट. भर रस्त्यात वाळूची पोती आणि त्यामागून टोपीवाले बंदुका झाडतायत. काका म्हणजे माझ्या हाउसमेटचे, सुमितचे वडील. तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाली. कराडला थिएटरात तीस वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर, त्यामुळे ते पिक्चर बघत नाहीत, तपासतात.

"थांब, मागं घे! सगळे डावखुरे कसे रे? फिल्म उलटी लावलीय गाढवांनी!"

मी विट्याच्या शाळेतला नकलाकार. गॅदरिंगला हेडसरांची नक्कल केली. बक्षीस मिळालं, छड्याही मिळाल्या. इथे मास्टर्स करून वेअरहाउसमध्ये खोकी उचलतो. कला वाया जायला नको म्हणून मी त्या लढाईला आवाज द्यायला लागलो. शेवटी एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला निघते आणि मधेच रीळ संपतं. तिला मी काकूंचा आवाज दिला. काकू, म्हणजे सुमितची आई, कराडहून रोज फोनच्या स्पीकरवर असायच्या, त्यामुळे आवाज पाठ.

"अहो, गोळ्या नंतर झाडा, आधी कोथिंबीर निवडा!"

काका इतके हसले की खोकला आला. सुमितने घाबरून सगळ्या खिडक्या उघडल्या.

मग तिकडे काकूंना कोविड झाला. ऑक्सिजन लागला, फोन बंद. त्या दुपारी काकांनी न्यूजरील लावलं, पण डावखुऱ्यांना एक शिवी नाही. बाई निघाली. रीळ संपलं.

"तिला पलीकडं पोचव रे."

"काका, पुढे फिल्मच नाहीये."

"तुला तोंड आहे ना? बोल."

काळ्या स्क्रीनकडे बघत मी काकूंच्या आवाजात म्हणालो, "पोचले हो. दार लावून घेतलंय. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो," काका म्हणाले. ताट ओट्यावर तसंच झाकलेलं होतं.

असं दोन आठवडे. मग काकू हॉस्पिटलमधून घरी आल्या आणि मला फोन.

"मेल्या, यांनी तुझी नक्कल करून दाखवली मला. माझा आवाज असा किनरा आहे? आणि 'जेवलात का' काय! चाळीस वर्षांत इतक्या लाडानं बोललेय का मी त्यांच्याशी? आता रोज फोनवर हटून बसतात, तो पोरगा म्हणतो तसं म्हण! इथं मला धाप लागतेय आणि यांचे चोचले!" त्यांनी जरा दम घेतला. "म्हणून दाखव बघू एकदा, कसं म्हणतोस ते. हसू नकोस, म्हण!"