द्राक्षबागेला हेलिकॉप्टरचा वारा

शेतीत हेलिकॉप्टरचे किती उपयोग असतात, हे किल्लारीच्या पंचक्रोशीत एकट्या ईश्वरप्पांना माहीत होतं. मोबाइलवर बघून बघून त्यांना ते पाठच झाले होते. परदेशात म्हणे हेलिकॉप्टरनं फवारणी करतात, बी पेरतात, आणि पाऊस पडून गेला की बागेवर घिरट्या घालून फळांवरचं पाणी उडवतात! हॉटेलात बसून ते हे इतक्या रंगात सांगत की समोरच्याचा चहा निवून जाई. हेलिकॉप्टर त्यांनी जवळून कधी पाहिलं नव्हतं, पण बोलणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही.

अशातच शेजारच्या गुरुपादप्पांच्या दामिनीचं लग्न ठरलं आणि उदगीरचा नवरदेव हेलिकॉप्टरनं येणार अशी बातमी आली. उतरायला जागा हवी होती. ईश्वरप्पांनी द्राक्षबागेला लागून असलेलं आपलं पडीक रान मोठ्या मनानं देऊ केलं. त्या मोठ्या मनात तेव्हा तरी पुढचा कुठलाही बेत नव्हता, हे मात्र खरं.

लग्नाच्या दिवशी पहाटे अवकाळी पाऊस झाला. तीन एकर द्राक्षं तोडणीला आलेली, घडाघडात पाणी साचलेलं. दुपारपर्यंत ते निघालं नाही तर मणी तडकणार. त्यात चार वाजता देगलूरचा व्यापारी मल्लेश बाग बघायला येणार होता, आणि मणी तडकलेला दिसला तर तो जीपमधून खालीसुद्धा उतरत नसे. नेमका बागेत वारा मारायचा ब्लोअर आठ दिवसांपासून औशाला दुरुस्तीला पडलेला.

"धा बाया बोलावते," त्यांच्या कारभारीण नीलाबाई म्हणाल्या. "येलींच्या तारा हलवल्या की पानी झडतंय."

"बाया कशाला?" ईश्वरप्पांनी आभाळाकडं बोट केलं. "देवानं पाऊस आन् हेलिकॉप्टर एकाच दिवशी धाडलंय. आज वरून वारा येणार हाय."

नीलाबाईंनी पदर खोचला आणि त्या बायांना हाक मारायला निघाल्या.

गुरुपादप्पांच्या माणसांनी रानाच्या मधोमध चुन्यानं हेलिकॉप्टर उतरायच्या खुणेचा मोठा एच काढला होता. ईश्वरप्पांनी तो पायानं पुसला, चुन्याचं टोपलं उचललं आणि बागेच्या शेवटच्या तारेपासून दहा पावलांवर नवा एच काढला. वारा वाया जायला नको! मग शेतकऱ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला: बारा वाजता आमच्या शेतात हेलिकॉप्टरचे शेतीतील उपयोग, प्रत्यक्ष. सर्वांनी यावे.

चूक झाली ती इथं. आपल्याकडं शेतात कार्यक्रम ठेवला की पीक चाखायला दिल्याशिवाय तो पुरा होत नाही. शेतात बसून खाल्लेलं चोरीत धरत नाहीत, घरी नेलेलं धरतात. याच नियमावर ईश्वरप्पांनी आजवर अनेकांचा हुरडा, ऊस आणि एकदा तर गुरुपादप्पांच्या निम्म्या पपया संपवल्या होत्या.

अकरा वाजताच तीन गावं लोटली. लग्नाचे फेटेवाले पाहुणेही इकडंच आले. ईश्वरप्पांनी खांद्यावर शाल टाकून माहिती सांगायला सुरुवात केली आणि रीतीप्रमाणे एक घड तोडून एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या हातात ठेवला. बाकीच्यांना तेवढी परवानगी पुरली. फवारणीचा उपयोग सांगून होईपर्यंत पहिल्या चार ओळी हलक्या झाल्या, पेरणीपर्यंत दहा. ईश्वरप्पांचा जीव तीळतीळ तुटत होता, पण ज्याच्या पपया खाल्ल्या त्याच्या पाहुण्याला नको कोणत्या तोंडानं म्हणायचं?

बागेच्या पलीकडच्या टोकाला नीलाबाई सहा ओळींच्या तोंडाला जुन्या साड्या बांधून उभ्या होत्या. आत दहा बाया तारा हलवत होत्या. कुणी जवळ आलं की नीलाबाई शांतपणे सांगत, "आज सकाळीच औषध मारलंय. खाऊन काई झालं तर आमाला बोल लावू नका." माणसं पाय न वाजवता मागं फिरत.

एवढ्यात घरघर ऐकू आली. ईश्वरप्पांनी आभाळाकडं दोन्ही हात पसरले. हेलिकॉप्टरनं लांबूनच दोन घिरट्या घातल्या. पायलटला एचला खेटून तारा दिसल्या आणि एचवर उभं असलेलं अर्धं गाव दिसलं. बागेचं एक पानही न हलवता तो सरळ ओढ्यापलीकडच्या माळावर जाऊन उतरला.

मग गर्दी माळाकडं धावली. जवळची वाट बागेतून होती. तारा दणाणल्या, वेली गदगदा हलल्या, पाण्याचे सडे पडले आणि साड्यांमागच्या सहा ओळी सोडल्या तर पाण्याबरोबर उरलेले घडही पडले. मागून गुरुपादप्पा धापा टाकत आले.

"ईश्वरप्पा, जावाई माळावर चिखलात उभा हाय. ट्रॅक्टर काढा."

हेलिकॉप्टरनं आलेला नवरदेव मांडवात पोचला तो ईश्वरप्पांच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. अक्षता तासभर उशिरा पडल्या.

चार वाजता मल्लेश आला. त्यानं चार-दोन पानं वर करून पाहिली आणि मान डोलावली.

"पानी बेस काढलंय, अप्पा. एक थेंब न्हाई. पर घड कुटं हाईत?"

ईश्वरप्पा वाकून चपलेचा चिखल काढू लागले.

"हेलिकॉप्टर घिऊन गेलं," नीलाबाई म्हणाल्या, आणि मल्लेशला आपल्या सहा ओळींकडं घेऊन गेल्या. त्या त्याला पसंत पडल्या. तोडणी पाच दिवसांनी ठरली.

संध्याकाळी ग्रुपवर गुरुपादप्पांचा निरोप आला: द्राक्षं लई गोड निघाली. हेलिकॉप्टरचा हा उपयोग आमाला म्हाईत नव्हता. ईश्वरप्पांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

चौथ्या दिवशी पुन्हा भुरभुर पाऊस आला. बाया येण्याआधीच ईश्वरप्पा सहा ओळींत शिरून तारा हलवत होते. वर कुठंतरी घरघर झाली, पण त्यांनी मान वर केली नाही.