ॲलर्जी नसल्याची नोंद

रुग्णालयाच्या ॲलर्जी विभागाचं एक पत्र मला गेल्या वर्षी आलं होतं आणि त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. 'आपल्या नावावर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद आहे. ती खरी आहे का, हे तपासून घेण्यास येणार असल्यास सोबतच्या कागदावर कळवावे.' भाषा सभ्य होती, तरी मला लागलंच. मी जन्मभर पुस्तकात तोंड खुपसून बसलेला माणूस. चारचौघांत बोलायला माझ्यापाशी दुसरा विषय नाही. कोणी तब्येतीची चौकशी केली की मी हळूच म्हणायचो, "मला पेनिसिलिन चालत नाही हं," आणि क्षणभर का होईना, लोक माझ्याकडे बघायचे. अंगी एवढी एकच गोष्ट होती, तीही आता तपासणार?

पुढे पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती चिघळली.

"काका, पेनिसिलिनने हे झटकन बरं झालं असतं," सर्जन म्हणाले. "पण तुम्हाला ते देता येत नाही."

दुसऱ्या गोळ्यांनी मला गरगरायला लागलं आणि अंगठा होता तसाच राहिला.

"मग आता?"

"आता अंगठा काढायचा."

बायकोने मला तसंच उठवलं आणि ॲलर्जी विभागात नेलं.

"ॲलर्जी आहे असं कोणी सांगितलं?" तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आईने. लहानपणी औषध घेतलं आणि अंगभर पुरळ उठलं."

"औषध कशासाठी घेतलं होतं?"

मी आठवून पाहिलं. "ताप होता. आणि... थोडं पुरळ."

डॉक्टरबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं.

त्यांनी हातावर टोचून पाहिलं, मग औषधाचा एक घोट दिला आणि नर्सच्या नजरेसमोर बसवून ठेवलं. काहीच होईना. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, पण तोंडी परीक्षेत एकही उत्तर येत नसल्यासारखं वाटू लागलं. शेवटी टोचलेल्या जागी मी गुपचूप नख लावलं.

"आजोबा, खाजवायचं नाही!" नर्स ओरडली. "ॲलर्जी आपली आपण आणायची नसते."

मला ॲलर्जी नाही, असं सिद्ध झालं. मात्र 'नाही' हे लिहायचं कुठे, असा प्रश्न उभा राहिला. संगणकात ॲलर्जी घालायची सोय होती, काढायची नव्हती. तेव्हा कारकुनाने त्याच रकान्यात भर घातली: 'पेनिसिलिन – ॲलर्जी नाही.' एका रकान्यात पेनिसिलिन दोनदा आल्यामुळे संगणकाने मला 'तीव्र' गटात बढती दिली आणि माझ्या मनगटावर लाल पट्टी आली. आयुष्यातली माझी ही एकमेव बढती.

"काका, आता तर अजिबातच देता येणार नाही," सर्जन म्हणाले.

"पण त्यात 'नाही' असं लिहिलंय."

"मी वाचलं हो. संगणकाने वाचायला हवं ना!"

मी परत कारकुनाकडे गेलो. नोंद रद्द करायची एक वाट निघाली, पण फक्त त्या पत्राला आलेल्या उत्तराच्या आधारे, आणि तेही टपालानेच.

"तुम्ही उत्तर दिलं नाहीत. म्हणजे तुम्ही तपासणीला आला नाहीत."

"अहो, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"उभे असाल. आला नाहीत."

मला क्षणभर त्याचंच खरं वाटलं.

घरी येऊन उत्तराचा कागद काढला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या, 'ज्यांच्या नावे न तपासलेली कोणतीही ॲलर्जी नाही' अशा. मी लंगडत सगळी इमारत फिरलो. शेजारच्या वकिलांना दुधाची ॲलर्जी होती, म्हणून सकाळी दूध त्यांची बायको आणते. वरच्या प्राध्यापकांना धुळीची, म्हणून त्यांनी झाडू कधी धरला नाही. मेहुण्याला लसणाची, पण फक्त स्वतःच्या घरी. आमच्याकडे चालतो.

"मग तपासून घ्या ना एकदा," मी म्हटलं.

"आणि नसली तर?" मेहुणा दचकून म्हणाला. अंगठ्याबद्दल मात्र सर्वांनी मनापासून हळहळ व्यक्त केली.

राहिली बायको. तिला भांड्यांच्या साबणाची ॲलर्जी आहे. लग्नानंतर लगेचच ती उघडकीस आली आणि तेव्हापासून भांडी मी घासतो. तिने पेन हातात घेतलं. एकदा तिने माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, एकदा मोरीकडे.

"अहो, अंगठ्यावाचून चालता येतं का हो?"

"येत असावं. जरा लंगडत."

"आणि भांडी घासायला उभं राहता येतं?"

"ते काही जमायचं नाही."

"म्हणजे दोन्हीकडून माझ्याच नशिबी," ती म्हणाली, आणि सही केली. मग माझ्या पायावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

दुसरी जागा उरली. त्या सहीसाठी, वाचकहो, मी तुमच्याकडेच निघालो होतो. पण तुम्हालाही कशाची तरी आहे, असं कळलं. ती कोणी तपासली, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तेव्हा ती जागा कोरी ठेवून, अंगठ्याकडे न बघता, आज सकाळी मी पाकीट टपालपेटीत टाकलं.