आगाऊ म्हातारपणाची खोली

माणसाला घर आज लागतं, हा फार जुना गैरसमज आहे. आज काय, कसाही निघून जातो. घर बांधायचं ते उद्यासाठी. (आजसाठी बांधलेल्या घराला जाणकार नुसता 'निवारा' म्हणतात.)

आमच्या शेजारचे विमा अधिकारी हे तत्त्व पोटातूनच शिकून आले होते. दुसरा कधी मरेल याचा अंदाज बांधण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी घर पाडून नवं बांधायला काढलं, तेव्हा 'भावी गरजांचे तज्ज्ञ' अशी पाटी लावणारा आर्किटेक्ट गाठला. त्याने नवरा-बायकोला समोर बसवून हळुवारपणे विचारलं, "पंचाहत्तरीत तुमचे गुडघे कसे असतील?" दोघंही गहिवरली. त्यांच्या गुडघ्यांची इतक्या आपुलकीने चौकशी आजवर कुणी केली नव्हती.

तळमजल्यावर दोघांच्या म्हातारपणाची खोली झाली. चाकाची खुर्ची सहज वळेल एवढं दार, न घसरणारी फरशी, बसून आंघोळ करायला ओटा, भिंतीला आधाराच्या दांड्या. त्यापायी दिवाणखान्यात सोफा मावेना. पण पुढच्या काळात पाहुणे येणारच नाहीत, असा तज्ज्ञांचा अभ्यास होता. (अभ्यासासाठी शंभर पाहुणे बोलावले होते. नव्वद आले नाहीत.) वापराने झीज होते म्हणून खोलीला कुलूप घातलं.

अडचण एकच निघाली. घरात अधिकाऱ्यांची आई होती आणि ती आधीच म्हातारी होती. नकाशात तिची सोय वरच्या मजल्यावर लागली.

"अरे, मी म्हातारी झालेय ती आत्ता," आई म्हणाली. "ती खालची खोली मला दे की."

मुलाने आर्किटेक्टकडे पाहिलं.

"आजी," तो अदबीने म्हणाला, "तुमची गरज चालू आहे. आमच्याकडे फक्त भावी गरजा घेतात."

"आणि जिना?"

"जिन्याने व्यायाम होतो, आई," सून म्हणाली.

आई व्यायाम करू लागली. चढायची कठडा धरून. उतरायची बसून, एकेका पायरीवर घसरत. आंघोळीला जाताना देवाचं नाव घ्यायची. नवी पद्धत अशी सर्वांच्या अंगवळणी पडली.

मग एका दुपारी घरात कुणी नसताना तिने किल्ली शोधली. ओट्यावर बसून मनसोक्त आंघोळ केली, दांडी धरून स्वतःची स्वतः उठली, गादीवरचं प्लॅस्टिक ओढून काढलं आणि गाढ झोपली.

मुलगा कामावरून आला तो ओली फरशी पाहून खोलीत धावला.

"आई! वापरलीस?"

"वापरली रे बाबा," आई डोळे चोळत म्हणाली. "फार छान आहे. तुला आवडेल."

आर्किटेक्टने जागेची पाहणी केली, 'मुदतपूर्व वापर' असा निष्कर्ष काढला आणि कुलूप बदलायला सांगितलं. कुलूप बदललं त्या दिवशी आईने पिशवी भरली आणि ती मुलीकडे गेली. कुणी जा म्हटलं नव्हतं. थांब असंही कुणी म्हटलं नाही.

मुलीचं घर म्हणजे दूरदृष्टीचा ठणठणाट. दोनच खोल्या, नकाशाचा पत्ता नाही. जावयाने सासूची चाल पाहिली, बाजारातून पाइपचा तुकडा आणला आणि संध्याकाळच्या आत न्हाणीघराच्या भिंतीत ठोकला. जरा तिरकाच बसला. आपली खाट सासूला देऊन त्याने स्वतःचं अंथरूण जमिनीवर टाकलं. (गुडघ्यांचा पूर्वविचार शून्य.)

"हलतोय का बघा, आई," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी जोर लावला. हलत नव्हता. तरी बराच वेळ तिने तो सोडला नाही.

ही हकिकत मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मुलाचा उद्धार केला, म्हातारीसाठी चुकचुकले. आणि मग उठता उठता, आवाज खाली आणून, आर्किटेक्टचा नंबर मागितला. तुम्हालाही देतो, संकोच करू नका. फक्त तिथे रांग आहे. जावयाचा नंबर अजून कुणी मागितलेला नाही.